दोन दिवसांचा उशीर

डॉक्टरांचा दवाखाना गोदीच्या मागच्या गल्लीत होता. दोनच खोल्या. पुढे रोग्यांना बसायला दोन लांब बाकं, मागे तपासणीचं टेबल, औषधांचं कपाट आणि कितीही घट्ट फिरवला तरी ठिबकत राहणारा एक नळ. डॉक्टर एकटे होते. ‘जरा सवड मिळू दे’ म्हणता म्हणता त्यांचं लग्नाचं वय उलटून गेलं होतं. घर सांभाळायची ती त्यांची थोरली बहीण. ती ऐन तरुणपणी विधवा झाली, मग हट्टाने नर्सचं शिक्षण घेतलं आणि भावाच्या हाताखाली येऊन उभी राहिली. हाताखाली म्हणायचं एवढंच. दवाखान्यात शब्द तिचाच चाले. अख्खी गल्ली तिला आक्का म्हणायची. डॉक्टर नाडी बघतात आणि आक्का माणूस बघते, असं लोक म्हणत.

पुढारी व्हायचं डॉक्टरांच्या स्वप्नातही नव्हतं. हमालांच्या वसाहतीत दर उन्हाळ्यात पटकीची साथ यायची, कारण पिण्याच्या पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची मोरी यांच्यात हातभरही अंतर नव्हतं. डॉक्टरांनी त्याबद्दल सरकारला तीनदा लिहिलं. सरकार परक्यांचं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, की विषयाची नोंद घेतली आहे. चौथ्यांदा ते स्वतः बड्या साहेबाच्या कचेरीत गेले. साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि हसत सांगितलं, की डॉक्टरांनी लोकांची जीभ तपासावी, स्वतःची चालवू नये.

त्या उन्हाळ्यात वसाहतीतली अठरा माणसं गेली. डॉक्टरांनी अठरा नावं एका कागदावर लिहिली, मैदानात स्वातंत्र्याच्या चळवळीची सभा होती तिथे जाऊन उभे राहिले आणि ती वाचून दाखवली. भाषण असं केलंच नाही. नाव वाचलं, वय सांगितलं, पुढचं नाव घेतलं. अठरावं नाव झाल्यावर खाली बसले.

तिथून त्यांना मागे फिरता आलं नाही. चळवळीला असाच माणूस हवा होता. ते आवाज चढवत नसत. रोग्याच्या नातेवाइकांना दुखणं समजावून सांगावं तशी परकी सत्ता समजावून सांगत, आणि लोकांना ते पटे. दोनदा तुरुंगात जाऊन आले. आठ वर्षांत शहराच्या समितीचे अध्यक्ष झाले. दवाखाना आक्का आणि एक नवशिका डॉक्टर मिळून चालवू लागले. जुने रोगी विचारत, साहेब कधी भेटतील? आक्का म्हणायची, “देश बरा झाला की.” म्हणायची हसून, पण रोगी वळला की ते हसू मावळायचं.

त्या वर्षी समितीने गोदीचा संप पुकारला. मागणी एकच होती: देश सोडून जाणार कधी ते तारखेनिशी सांगा. संपाची घोषणा डॉक्टरांनीच केली. हमाल, क्रेनवाले, कारकून, रखवालदार, सगळे बाहेर पडले. फाटकावर हमालांचा मुकादम ठाण मांडून बसला. साठीचा, उंचापुरा आणि बोलण्यात मोजका माणूस. त्याच फाटकावर आदल्या वर्षी गोळीबार झाला, त्यात त्याचा एकुलता मुलगा गेला होता. घरी सून, पाच वर्षांची नात आणि एक अंगावर पिणारा नातू. संप सुरू झाल्यापासून मुकादम घरी गेलाच नव्हता. फाटकाशीच जेवायचा, फाटकाशीच आडवा व्हायचा. तारीख मिळेपर्यंत गोदीतली काडीसुद्धा इकडची तिकडे होऊ द्यायची नाही, अशी शपथ त्याने स्वतः घेतली होती आणि सगळ्यांना घ्यायला लावली होती.

संपाच्या अकराव्या दिवशी आक्काची चिठ्ठी समितीच्या कचेरीत आली. ‘घसे बघायला ये. हातातलं टाकून ये.’ डॉक्टर गेले. वसाहतीत चार मुलं तापाने फणफणली होती, आणि त्यांतली एक मुकादमाची नात होती. डॉक्टरांनी तिला दारातल्या उजेडात आईच्या मांडीवर बसवलं आणि चमच्याच्या दांड्याने तिची जीभ दाबली. घशात दोन्ही बाजूंना करडा, चिवट पडदा धरला होता. कडेने जरा हलवला तर रक्त आलं. घटसर्प होता. दुसऱ्या कुणाला विचारायची गरजच नव्हती.

या दुखण्यावर एकच उपाय होता, सीरमचं इंजेक्शन, आणि तोही वेळेत. पहिल्या-दुसऱ्या दिवशी दिलं तर बहुतेक मुलं वाचतात. त्यानंतरचा एकेक दिवस अंगावर येतो. डॉक्टरांनी हे पुस्तकात वाचलं होतं आणि डोळ्यांनी पाहिलंही होतं. सुनेने फाटकावर निरोप धाडला. मुकादमाने विचारलं, डॉक्टरांनी पाहिलंय का? पाहिलंय म्हटल्यावर तो म्हणाला, मग झालं तर, आणि परत जागेवर जाऊन बसला.

सरकारी इस्पितळातलं सीरम संपलं होतं. नवं आलं होतं ते संपाच्या आदल्याच दिवशी, बोटीने. दोन पेट्या गोदीत, जकात कचेरीच्या बर्फाच्या कोठारात पडून होत्या. डॉक्टरांनी बंदर अधिकाऱ्याला फोन लावला. अधिकारी अगदी अदबीने बोलला. पेट्या आहेत, किल्लीही आहे, पण माल हलवायला माणसं कुठे आहेत? डॉक्टरांनी संप मागे घ्यावा, तासाभरात पेट्या दारात येतील.

समितीची बैठक एका छापखान्याच्या माडीवर भरायची. चिटणीस वकील होते. डोकं तल्लख, मन साफ, आणि तुरुंगात डॉक्टरांच्या शेजारच्या कोठडीत दिवस काढलेले. हा सापळा आहे असं ते म्हणाले. अध्यक्ष हात पसरून गेले की संपाचा कणाच मोडला. आज औषधाची पेटी, उद्या पिठाचं पोतं, परवा बंदुकीच्या गोळ्या. त्यापेक्षा सरकारला खरमरीत पत्र लिहावं, विनाअट पेट्या सोडा म्हणावं, ते सगळीकडे छापावं. लाजेकाजेस्तव तरी सोडतील.

डॉक्टरांना ते पटलं. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढे लोक म्हणू लागले की समितीने त्यांना अडवलं. कुणी अडवलं नाही. पत्राचा पहिला खर्डा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. ‘विनंती’ लिहायचं की ‘मागणी’, यावर तासभर खल झाला. वकिलांनी एक शब्द खोडला, डॉक्टरांनी तो परत घातला. संध्याकाळी पत्र गेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, की अध्यक्षांनी स्वतः येऊन लेखी द्यावं, मग बघू, आणि त्या उत्तराला उत्तर लिहायला घेतलं. तेवढ्यात वसाहतीतलं एक मूल गेल्याची बातमी आली. मग कुणीतरी सुचवलं आणि ती गोष्टही पत्रात एका ओळीने घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का छापखान्याचा जिना चढून आली. आठ वर्षांत तिने त्या जिन्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. पांढऱ्या अ‍ॅप्रनवर आयोडिनचे डाग, डोळे सुजलेले. वकिलांनी उठून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. दोन मुलं गेली, तिने सांगितलं, आणि वीसबावीस पडून आहेत. वकिलांनी तिला सरकारशी चाललेला पत्रव्यवहार समजावला आणि नवं पत्र वाचूनही दाखवलं. तिने ते अखेरपर्यंत ऐकलं. मग भावाकडे वळून म्हणाली,

“पत्र चांगलं झालंय. आता ते कुणाच्या घशात घालू, तेवढं सांग.”

डॉक्टर उठले. वकिलांनी त्यांचा दंड धरला.

“तिथे ते कागद तयार ठेवून बसले असतील. तुमची एक सही त्यांना हवी आहे.”

“ठाऊक आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि बहिणीच्या मागोमाग जिना उतरले.

फाटकावर दोनशे माणसं होती. मुकादम त्यांना बघून उभा राहिला. डॉक्टरांनी त्याला मोजक्या शब्दांत सांगितलं, की मुलांचं औषध आत आहे. संप मोडायला आलेलो नाही, पण मला आत जाऊ द्या. एकटा जाईन आणि पेट्या मीच उचलून आणीन. माणसांत कुजबुज झाली. एक क्रेनवाला मोठ्याने बोललाच, की अध्यक्षांना संप लागू नाही वाटतं. मुकादमाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग स्वतः बाजूला झाला, आणि तो झाला म्हणून सगळे झाले.

वकील म्हणाले होते तसंच होतं. बंदर अधिकाऱ्याच्या टेबलावर कागद टंकून तयार होता. संपामुळे लहान मुलांचे प्राण धोक्यात आल्याचं संप समितीचे अध्यक्ष कबूल करतात, आणि सरकार केवळ दयाबुद्धीने औषध देत आहे, असा मजकूर. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि पेन मागितलं. अधिकाऱ्याला इतक्या लवकर जमेल असं वाटलं नसावं. तो म्हणाला, हवं तर विचार करा, घाई नाही.

“विचार करण्यातच दोन दिवस गेले,” डॉक्टर म्हणाले आणि सही केली.

पेट्या लाकडी होत्या, आत पेंढा आणि बर्फ. पन्नाशी उलटलेल्या डॉक्टरांनी जन्मात कधी ओझं उचललं नव्हतं. पहिली पेटी खांद्यावर घेऊन ते बाहेर आले तेव्हा बर्फाचं पाणी सदऱ्यातून कमरेपर्यंत उतरलं होतं. मुकादमाचे हात आपसूक पुढे आले. ओझ्याखाली वाकलेला माणूस दिसला की पुढे व्हायचं, हे चाळीस वर्षांचं वळण. मग शपथ आठवली आणि त्याने हात मागे बांधले. पण तो डॉक्टरांच्या बाजूने चालत राहिला, वळणापर्यंत, आणि दुसऱ्या पेटीच्या वेळीही तसाच.

इंजेक्शनं देण्यात सगळी दुपार गेली. आधी कातडीखाली एक थेंब टोचायचा, अंगावर काही उठतं का बघत अर्धा तास थांबायचं, मग पुरती मात्रा द्यायची. आक्का सुया उकळत होती, नवशिका डॉक्टर मुलांना धरत होता. एक मूल त्या दुपारीच, सुई टोचायच्या आधी गेलं. मुकादमाच्या नातीची मान एव्हाना सुजून खांद्याला मिळाली होती आणि तिचा श्वास बाहेरच्या गल्लीत ऐकू येत होता. तिलाही इंजेक्शन मिळालं. तिसऱ्या दिवशी.

दुसऱ्या सकाळी सरकारी वर्तमानपत्रात डॉक्टरांची सही छापून आली, दोन बोटं जाडीची. वकील दवाखान्यात आले. बिचाऱ्यांनी त्यातही वाट काढली होती: फसवून सही घेतली, एवढं एक निवेदन डॉक्टरांनी द्यावं. डॉक्टर म्हणाले, फसवून नाही, वाचून केली. त्यांनी राजीनामा लिहून दिला. कुणी त्यांना चळवळीतून काढलं नाही. चळवळीत काढत नाहीत, बोलावणं बंद करतात. संप मात्र मोडला नाही. औषधापाठोपाठ पिठाचं पोतंही बाहेर आलं नाही आणि बंदुकीच्या गोळ्याही नाहीत. फाटकावर मुकादम होता.

मुलं एकेक करून उठू लागली. नातीच्या घशातला पडदा चौथ्या दिवशी सुटून आला, सहाव्या दिवशी तिने वाटीभर दूध संपवलं आणि आणखी मागितलं. सून आक्काच्या गळ्यात पडून रडली. डॉक्टर रोज जात आणि तिच्या मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ बसत. नाडी मधेच एक ठोका गिळत होती. घटसर्पाचं विष घशातून हृदयात उतरतं, आणि सगळे निर्धास्त झाले की तोंड दाखवतं. त्यांनी सुनेला बजावलं, की तीन आठवडे पोरीला उठून बसू द्यायचं नाही. उशीसुद्धा द्यायची नाही. सून तिला निजवूनच भरवायची, निजवूनच वेणी घालायची.

बाविसाव्या दिवशी सरकार नमलं. वर्षाच्या आत जाऊ, असं लिहून दिलं. गोदीचे भोंगे वाजले आणि मुकादम तीन आठवड्यांनी घराकडे निघाला. गल्लीच्या तोंडापासूनच त्याने नातीला हाक मारली. ती उठून बसली, दाराकडे हात केले, आणि तशीच मागे पडली. डॉक्टर धावत आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं आटोपून माणसं पांगल्यावर, मुकादम घराच्या पायरीवर बसला होता. डॉक्टर त्याच्या शेजारी जाऊन बसले. मुकादम बोलला.

“मी हाक मारली म्हणून ती उठली.”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “हाकेने कुणी मरत नाही. तिचं हृदय आधीच गेलं होतं. ती पाणी प्यायला उठली असती तरी हेच झालं असतं.”

“पण औषध दिलंत ना?”

“उशिरा दिलं. पहिल्या दिवशी मी तिचा घसा पाहिला. औषध कुठे आहे ते त्याच दिवशी मला ठाऊक होतं. मी दोन दिवस पत्र लिहीत बसलो. तेव्हाच दिलं असतं, तर बहुतेक ती आज इथे खेळत असती.”

मुकादमाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता, नुसती समजून घ्यायची धडपड होती.

“काय होतं पत्रात?”

डॉक्टरांनी सांगितलं. विनाअट सोडण्याची मागणी, सरकारची जबाबदारी, मुलांचा जीव. सांगताना त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना.

“तुम्ही फाटकावर आलात तसे पहिल्याच दिवशी आला असतात, तर मी अडवलं असतं?”

“नसतं.”

“मला विचारलं असतंत, तर आम्ही सगळ्यांनी मिळून पेट्या आणून दिल्या असत्या. संप आमचा होता, शपथही आमची. विचारलं का नाहीत?”

समितीत दोन दिवसांत सरकार काय म्हणेल याचा विचार झाला होता, वर्तमानपत्रं काय म्हणतील याचा झाला होता. दोनशे माणसं हाकेच्या अंतरावर बसली होती, त्यांना जाऊन विचारावं हे एकाच्याही मनात आलं नव्हतं. डॉक्टर तसं म्हणाले. मुकादम उठला, घरात गेला आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर तो डॉक्टरांशी कधी बोलला नाही. गल्लीत समोरासमोर आले की वाट देई. वैर धरलं नाही, पण बोलणंही ठेवलं नाही.

वर्षाने परकी माणसं गेली. वकील नव्या सरकारचे प्रमुख झाले, आणि आरोग्य खातं घ्या म्हणून दवाखान्यात आले. डॉक्टर नको म्हणाले. डॉक्टरांच्या हातून काय झालं ते वकिलांना माहीत होतं, आणि वकिलांच्या हातून काय झालं ते डॉक्टरांना. दोघांनीही तो विषय काढला नाही. वकील गेल्यावर आक्का मागच्या खोलीत येऊन उभी राहिली.

“तुला वाटतंय, इथे बसून तू शिक्षा भोगतोयस,” ती म्हणाली. “रोगी शिक्षा म्हणून तपासत नसतात, बाबा. त्या खुर्चीवर कुणीतरी बसणारच आहे. ज्याला उशिराची किंमत कळलीय असा माणूस बसलेला बरा.”

डॉक्टर मंत्री झाले. मोठे मंत्री नाही झाले. विधिमंडळात त्यांची भाषणं कंटाळवाणी व्हायची, सोबतीचे लोक चेष्टा करायचे की हे अर्थसंकल्पसुद्धा जेवणानंतर दोनदा घ्यायला सांगतील. पण प्रत्येक जिल्ह्याच्या इस्पितळात सीरम गेलं, वसाहतीतला नळ मोरीपासून हलला, आणि तिसऱ्या वर्षी घटसर्पाची लस आली. लस टोचण्याचा पहिला दिवस त्यांनी हमालांच्या वसाहतीला दिला.

शाळेच्या अंगणात टेबल मांडलं होतं. नवशिका डॉक्टर आता नवशिका राहिला नव्हता, तो यादी घेऊन बसला. आक्काने सुया उकळून ठेवल्या. कुणीच येईना. लोकांना तीन वर्षांपूर्वीच्या सुया आठवत होत्या, आणि त्यानंतर काय झालं तेही. बाया आपापल्या दारात उभ्या राहून बघत होत्या. दोन तास गेले. बरोबर आलेला अधिकारी म्हणाला, पोलीस पाठवून घराघरांतून मुलं आणवता येतील. डॉक्टरांनी त्याला खाली बसायला सांगितलं.

मग मुकादमाची सून मुलाला कडेवर घेऊन आली. तेव्हा अंगावर पिणारा नातू आता चार वर्षांचा होत आला होता. ती टेबलापासून चार पावलांवर थांबली.

“मुकादमांना माहीत आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही. मूल माझं आहे. आधी सांगा, याने काय होतं?”

डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः तिच्यासमोर बाकावर बसले. सुई दुखेल. हात सुजेल, एक-दोन दिवस ताप येईल, रडेल. एका सुईने भागणार नाही, महिन्याने परत यावं लागेल आणि त्यानंतर आणखी एकदा. शेकड्यात एखाद्या मुलाला टोचूनही दुखणं होतं. ते तिने विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. ती सगळं ऐकत होती. दारातल्या बायाही ऐकायला थोड्या पुढे सरकल्या.

“माझ्या मुलीच्या वेळी एवढं कुणी सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली.

“नव्हतं,” डॉक्टर म्हणाले.

तिने मुलाची बाही वर केली आणि त्याचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. पोरगं सुई लागल्यावर असं किंचाळलं की अंगणातली कबुतरं उडाली. आक्काने त्याला रिकामी शिशी खेळायला दिली, ती त्याने फेकून दिली. एक बाई हसली. मग तीच बाई आपल्या दोन मुलींना हाताला धरून अंगणात आली आणि यादीवाल्याला विचारू लागली, की नावं कुणाच्या नावाने लिहायची, बापाच्या की आईच्या.